श्यामला मेहेंदळे यांचा हातगुण

श्यामलाबाईंनी लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, असं मेहेंदळ्यांच्या घरात ठरलं तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दहा महिने झाले होते. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, नव्या सुनेला मोठ्या हौसेने कैरीचं लोणचं घालायला बसवलं. श्यामलाबाईंनी कैऱ्या पुसल्या, फोडी केल्या, मसाला कालवला, फोडणी गार करून ओतली, बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला आणि पंधरा दिवस देव पाण्यात घालून बसल्या. सोळाव्या दिवशी दादरा सोडला, तर आत पांढरीशुभ्र बुरशी! सशाच्या पाठीसारखी लुसलुशीत. यमुनाबाई ओरडल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे. एकेकीच्या हाताला गुण नसतो."

झालं! ते वाक्य घरात राहायलाच आलं. नणंद कुमुदताईंनी ते मुंजीत सांगितलं, बारशात सांगितलं, स्वतःच्या मुलीच्या डोहाळजेवणात तर हातवारे करून सांगितलं. श्यामलाबाई पुढे एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क झाल्या. तिथे हजारभर मुलांचे दाखले, शिक्षकांच्या रजा, शिपायांची भांडणं त्यांच्या हाताखालून गेली आणि एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. पण घरी लोणचं आलं ते कायम दुकानातून. झाडांचंही तेच. चार तुळशी गेल्या, मनीप्लँट गेला, एकदा कोरफडसुद्धा गेली. त्यावर यजमान गोपाळकृष्ण पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "कोरफड मारायला कौशल्य लागतं. सगळ्यांना नाही जमत."

सासूबाई गेल्या, श्यामलाबाई रिटायर झाल्या, दोघं पेठेतली जागा सोडून धनकवडीच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. गुण नसलेले हातही बरोबर आले.

अशात गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला चौथ्या मजल्यावर मुक्ताई आल्या. उत्कर्षा नावाची एक आयटीतली मुलगी तिथे राहायची, तिची ही आई. वाशीमकडच्या एका गावातून लेकीकडे चार महिने काढायला आलेली. वय साठीचं, नऊवारी नेसलेली, चालणं वाऱ्यासारखं. तिसऱ्याच दिवशी या बाईने सोसायटीच्या गच्चीचा ताबा घेतला. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके, कुणीतरी फेकून दिलेला बाळाचा टब, जे दिसेल ते तिने वर नेलं. त्यात माती, पालापाचोळा आणि अख्ख्या इमारतीच्या भाज्यांची सालं भरली. सालं मागायला ती प्रत्येक दारात गेली. कुणी दार उघडून नुसतंच बघत राहिलं, तर स्वतःच म्हणायची, "टाकूनच देता ना? मंग मले द्या."

श्यामलाबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला जायच्या आणि त्या डब्यांपासून चार हात लांबून चालायच्या. उगाच आपली सावली पडायला नको.

दिवाळीच्या आधी आठ दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला, वालाच्या वेलाला दोरी बांधताना मुक्ताई स्टुलावरून पडल्या. गच्चीवर त्या वेळी दुसरं कोण असणार? श्यामलाबाईच, हातात ओला टॉवेल घेऊन. त्यांनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, उत्कर्षाला फोन केला. उजव्या मनगटाला प्लॅस्टर चढलं, सहा आठवड्यांचं. परतताना रिक्षात मुक्ताई रडल्या. हात दुखतो म्हणून नाही.

"मेथी पेराची राहिली व ताई. मुळ्याचं बी भिजू घातलं हाय. आता कोण पाहीन?"

"उत्कर्षा आहे की."

"तिले धने अन् कोथिंबीर एकच हाय हे मागच्या महिन्यात समजलं." मुक्ताईंनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि श्यामलाबाईंच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "ताई, तुमचे हात द्या मले. डोकं माझं, हात तुमचे."

श्यामलाबाई एकदम खिडकीकडे सरकल्या, म्हणजे रिक्षाला खिडकी असती तर सरकल्या असत्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. बरणी, बुरशी, यमुनाबाई, चार तुळशी, कोरफड. सिग्नल तीन वेळा बदलला तरी कहाणी संपेना. रिक्षावालासुद्धा आरशातून बघायला लागला.

मुक्ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बोटं दहा हायेत ना?"

"आहेत."

"वाकतात?"

"वाकतात."

"मंग बस झालं. बियाले कुठं ठाऊक हाय तुमची सासू काय म्हणे ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता श्यामलाबाई स्वेटर घालून गच्चीवर हजर. मुक्ताई प्लॅस्टिकच्या खुर्चीत, प्लॅस्टर मांडीवर, एखाद्या सेनापतीसारख्या. "बोटाच्या पेराएवढं खोल. नाही, तुमच्या नाही, माझ्या पेराएवढं. आता माती लोटा. दाबू नका! त्याले श्वास घ्यायचा हाय." श्यामलाबाईंनी मेथी पेरली, मुळा लावला, गाजर लावलं, मटार लावले, टोमॅटोची रोपं एका डब्यातून दुसऱ्यात हलवली आणि खाली येऊन गोपाळकृष्णांना म्हणाल्या, "सगळं मरणार बघा."

"पेरलंस आज. निदान उगवेपर्यंत तरी थांब."

पाचव्या दिवशी मेथी उगवली.

आता मेथी काय, कुणाच्याही हातून उगवते. पण हे श्यामलाबाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या टबापुढे उकिडव्या बसल्या. काळ्या मातीतून माना वाकवून ते हिरवे ठिपके वर येत होते, एकेकाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. त्यांनी एक मोजला, दोन मोजले, एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि मग बाळाच्या टबाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला पदर खोचला. मुक्ताई खुर्चीतून ओरडल्या, "अवं ताई, पडसान! एक हात मोडला तेवढा पुरे!" पण श्यामलाबाई थांबायला तयार नव्हत्या. एकसष्टाव्या वर्षी, सोसायटीच्या गच्चीवर, दोन टाक्यांच्या मधून, शेजारच्या इमारतीतला एक माणूस दात घासता घासता बघत असताना त्या धावत होत्या.

त्यानंतर त्यांना काही धरबंधच राहिला नाही. थंडी पडत गेली, खडकवासल्याकडून येणारा वारा कानाला झोंबायला लागला आणि गच्ची नुसती उधाणली. मेथी कापली की पुन्हा वाढायची. मटारच्या वेलाने कपड्यांची दोरी धरली आणि तो थेट देशपांड्यांच्या चादरीवर चढला. वालाला इतक्या शेंगा आल्या, की उत्कर्षा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून शेंगा सोलायला लागली. आणि मुळे! मुळे मनगटाएवढे झाले. एका सकाळी श्यामलाबाईंनी एकतीस मुळे उपटले. उपटताना मातीतून जो 'फस्स' असा आवाज यायचा त्याची त्यांना चटकच लागली होती. वॉचमनला दोन, दवाखान्यातल्या डॉक्टरांना तीन, इस्त्रीवाल्याला दोन. पहिल्या मजल्यावरच्या ओवीला, म्हणजे वय वर्षं सहा, तिच्याएवढाच एक. बँकेत पासबुक भरायला गेल्या तेव्हा पर्समधून पाला बाहेर लोंबत होता. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "आजी, हे काय?" तर त्यांनी तो मुळा खिडकीतूनच आत सरकवला. "घ्या. मी लावलाय."

घरात सलग नऊ दिवस मुळा झाला. कोशिंबीर, पराठे, मुळ्याची पीठ पेरून भाजी, पाल्याची भाजी, डिंगऱ्यांची, म्हणजे मुळ्याच्या शेंगांची, आमटी. दहाव्या दिवशी गोपाळकृष्ण ताटावर बसले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "चहात घालायचा राहिलाय."

श्यामलाबाई चक्क विचारात पडल्या.

डिसेंबरच्या मध्याला मुक्ताईंचं प्लॅस्टर निघालं. पण हात अजून बारीक आणि हट्टी होता, चमचा उचलतानाही कुरकुर करायचा. त्याच आठवड्यात मुक्ताईंच्या भावाने गावाहून बसमधून एक पोतं पाठवलं. ओली हळद, आवळे आणि लिंबं. लिंबं इतकी, की उत्कर्षाच्या हॉलमध्ये चालताना पायाखाली यायची.

"आता लोणचं घालू," मुक्ताई म्हणाल्या.

श्यामलाबाई लिंबं वेचता वेचता थांबल्या. मेथी वेगळी, मुळा वेगळा. लोणचं म्हणजे बरणी. त्यांनी घसा खाकरला. "मी हळद किसून देते. बरणीत मात्र तुम्ही भरा."

"माझ्या हातात जोर कुठं हाय?"

"उत्कर्षा भरेल."

"ताई," मुक्ताई म्हणाल्या, "मुळ्यायच्या वक्ताले धावले ना तुम्ही? मंग आता काहून बसले?"

धावल्या होत्या मेथीच्या वेळी, पण मुद्दा खरा होता.

बरणी घ्यायला दोघी तुळशीबागेत गेल्या. दुकानदाराने दोघींना वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "घ्यायचीय का नुसती बघायचीय?" एरवी श्यामलाबाईंनी अशा प्रश्नाला तोडीस तोड उत्तर दिलं असतं, पुण्यात काय उगाच एकसष्ट वर्षं काढली? पण त्या दिवशी त्यांचं लक्षच नव्हतं. चिनीमातीच्या, वर पिवळ्या आणि खाली पांढऱ्या बरण्यांची रांग त्यांच्याकडे बघत होती. "चार द्या," त्या म्हणाल्या. मुक्ताईंनी कोपर मारलं. "सहा द्या," श्यामलाबाई म्हणाल्या. दुकानदाराने स्टूल पुसून बसायला दिलं.

मग आठवडाभर मेहेंदळ्यांच्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला तोड नव्हती. आवळे उकडले, किसले, साखरेच्या पाकात घातले, त्याचा मोरावळा मधासारखा झाला. हळदीने श्यामलाबाईंची बोटं, कोपरं, चष्म्याच्या काड्या आणि फ्रिजचं दार पिवळं केलं. गोपाळकृष्ण म्हणाले, "जेजुरीला जाऊन आल्यासारखी दिसतेस." टोमॅटो पिकत होते, पिकतच होते, त्यांचं सॉस करून बाटल्या भरल्या. आणि लिंबं. लिंबं धुतली, एकेक पुसली, उन्हात ठेवली, पुन्हा पुसली. बरण्यांना उन्हं दाखवली, हिंगाची धुरी दिली. मीठ, साखर, हळद, तिखट. सहावी बरणी भरताना मुक्ताई मुद्दाम उठून वर निघून गेल्या. "ही तुमची एकटीची," जाता जाता म्हणाल्या. श्यामलाबाईंनी ती एकटीने भरली. दादरा बांधताना गाठ तीनदा सुटली.

तीन आठवडे बरण्या गॅलरीत उन्हात उभ्या होत्या. पाच बरण्या कुणीही हलवायचं, हुंगायचं, चाखायचं. सहावीला फक्त श्यामलाबाई रोज हलवायच्या, दादरा न सोडता, तोंड दुसरीकडे करून.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी जेवणं झाल्यावर, ती उघडायचं ठरलं. मुक्ताई आल्या, रजा टाकून उत्कर्षा आली. गोपाळकृष्ण खुर्चीत पेपर उघडून बसले होते, त्यांना काही रस नसल्यासारखे. श्यामलाबाईंनी गाठ सोडली, डोळे मिटले आणि नाक पुढे केलं.

वास आला तो लिंबाचा. खमंग, आंबटगोड, तोंडाला पाणी सुटेल असा. त्यांनी डोळे उघडले. आत मधाच्या रंगाचा दाट रस, त्यात चकचकीत फोडी, बुरशीचा ठिपका नाही. एक फोड त्यांनी तोंडात टाकली. साल मऊ मुरलेली होती. त्या चमचा हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखट झालंय का काकू?" उत्कर्षाने घाबरून विचारलं.

"अगं, उत्तम झालंय!" श्यामलाबाई ओरडल्या. "उत्तम झालंय गं!"

मुक्ताईंनी फोड चाखली, मान डोलावली आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. "मंग आता मले सांगा, ते कैरीचं कसं काय नासलं? कैऱ्या पुसल्या व्हत्या?"

"दोनदा."

"बरणी वाळली व्हती?"

"दोन दिवस उन्हात होती."

"मीठ?"

"सासूबाईंनी स्वतः मोजून दिलं."

"तेल वर आलं व्हतं?"

"चांगलं दोन बोटं."

"मंग नासलं काहून?" मुक्ताई डोळे बारीक करून म्हणाल्या. "कोणी ओला हात घातला असंन. घरात कोण कोण व्हतं?"

"सासूबाई, मी, कुमुदवन्सं. आणि हे."

पेपर हलला. बारीकसा, वाऱ्याने हलावा तसा, पण पंखा बंद होता. तिघींनी एकदम पेपराकडे बघितलं. पेपराच्या वर गोपाळकृष्णांचं कपाळ दिसत होतं आणि ते लाल होत चाललं होतं.

"अहो," श्यामलाबाई म्हणाल्या.

"हं."

"पेपर उलटा आहे."

गोपाळकृष्णांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. घडीची घडी घातली. "लोणचं मुरेपर्यंत थांबवत नसे," ते म्हणाले. "ऑफिसातून आलो की आई देवळात जायची. तेव्हा एखादी फोड घ्यायचो. एखादीच."

"हाताने?" श्यामलाबाईंचा आवाज खूप हळू झाला होता.

"छे! हाताने कसं? मी काय असा तसा माणूस आहे का? चमच्याने. प्रत्येक वेळी चमचा स्वच्छ धुवायचो आणि मगच घालायचो."

"धुवायचात."

"अर्थात."

"आणि पुसायचात?"

गोपाळकृष्णांनी छताकडे बघितलं. "धुतलेला चमचा पुसायचा कशाला?" ते म्हणाले. "स्वच्छच असतो की."

खाली भंगारवाल्याची हाळी ऐकू आली. श्यामलाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. सदतीस वर्षांचा संसार केलेला माणूस, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, आयुष्यात चहाचा कप बशीशिवाय न ठेवणारा. रोज संध्याकाळी, आई देवळात गेली की, धुतलेला ओला चमचा!

"आणि तुम्ही कधीच बोलला नाहीत?"

"आई होती ना," गोपाळकृष्ण म्हणाले. "नंतर सांगणार होतो. मग फारच नंतर झालं."

आधी श्यामलाबाईंच्या छातीत राग चढला, खरा, खणखणीत राग. त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते हसू. बारीक किणकिण सुरू झाली, मग खो खो, मग त्यांना ओट्याला धरावं लागलं. मुक्ताई मागे कलंडल्या. उत्कर्षा तोंडात ओढणी कोंबून भिंतीला टेकली. श्यामलाबाई हसताना "चमचा!" म्हणायच्या आणि पुन्हा वाकायच्या. उचकी लागली, पाणी दिलं, ते नाकातून आलं. शेवटी गोपाळकृष्णांनाच हसू फुटलं, तेव्हा त्या एकदम सरळ उभ्या राहिल्या, डोळे पुसले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"कुमुदवन्संना लावा. स्पीकरवर."

"आत्ता? दुपारची झोपली असेल."

"लावा."

चिंचवडला फोन वाजला. गोपाळकृष्णांनी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं, धुतलेल्या चमच्यासकट, श्यामलाबाईंनी दोनदा "मोठ्याने बोला" म्हटल्यावर मोठ्याने. मग कुमुदताईंचा आवाज आला, "दादा, पण मग मी आता मुंजीत काय सांगू?"

"हे सांगा वन्सं," श्यामलाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "हे जास्त रंगेल."

त्या संक्रांतीला मेहेंदळ्यांकडे हळदीकुंकवाला बावन्न बायका आल्या. वाण म्हणून प्रत्येकीला लिंबाच्या लोणच्याची बाटली. बायकांची रांग जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचं आणि झाकणं फडक्याने कोरडी करकरीत पुसायचं काम दोन दिवस गोपाळकृष्णांनी केलं. कुणी विचारलं की सांगायचे, "शिक्षा आहे. जन्मठेप." कुमुदताई चिंचवडहून पैठणी नेसून आल्या, एकीला धरून चमच्याची गोष्ट सांगितली, मग दुसरीला, आणि निघताना गुपचूप दोन बाटल्या घेऊन गेल्या.

फेब्रुवारीत मुक्ताईंचे पुण्यातले चार महिने संपले. गावी कोहळ्याचे सांडगे घालायचे होते, भावाच्या शेतातले कोहळे उतरवून झाले होते. "चलता का?" त्यांनी सहज विचारलं. श्यामलाबाईंनी हो म्हटल्यावर दोघीही चकित झाल्या. लग्नानंतर त्या नवऱ्याशिवाय कुठे गेल्या असतील, तर फार तर कर्वे रोडला.

त्या बसमध्ये खिडकीपाशी बसल्या आणि सबंध वाटेत कोवळे मटार सोलून खात गेल्या. भावाच्या घरी अंगणात कोहळ्यांचा ढीग लागला होता, एकेक मांडीएवढा, पांढरी पावडर लावल्यासारखा. किसणी पुढे आली. उडदाची डाळ भिजली होती, वाटली होती. आवारभर बाजांवर फडकी अंथरली होती आणि गल्लीतल्या नऊ बायका बोटांनी सांडगे टाकत एकाच वेळी बोलत होत्या. श्यामलाबाईंना त्यातलं निम्मं कळत नव्हतं आणि त्या सगळ्यालाच हसत होत्या. दुपारी कुणीतरी शेतातून हरभऱ्याचे डहाळे आणले, बांधावर भाजले, सगळ्यांची तोंडं काळी झाली.

तिसऱ्या दिवशी गोपाळकृष्णांचा फोन आला.

"पाणी घातलंत का, असं तू विचारायच्या आधी सांगतो, घातलं. टोमॅटोला आधार दिला. आता तू कधी येतेस ते सांग."

श्यामलाबाईंनी फोन खांद्याने कानाशी धरला, कारण दोन्ही हात कोहळ्यात बरबटले होते. "बुधवारी."

"बरं. घ्यायला येतो."

"थांबा हो." त्यांनी वळून ढिगाकडे बघितलं. अजून सतरा कोहळे होते, आणि पलीकडच्या घरातून एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन आणखी आणत होती. "नक्की कुठल्या बुधवारी, ते मी कळवते."